‘गारवा’ हिवाळ्यात उघडावं का? दत्तराव मिस्त्रींना निरोप देताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ‘गारवा’ उद्यानाचे मालक आदरणीय शिवशंकरशेठ, झरीहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, निवृत्त मुख्याध्यापक मुंजाजी सर, आजचे सत्कारमूर्ती श्री. दत्तराव गिराम, म्हणजे आपले मिस्त्री, तीन वेळा आग्रह केल्यावर व्यासपीठावर येऊन खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेल्या भिवराबाई वहिनी, आणि समोर बसलेले माझे सर्व सहकारी, बंधू आणि भगिनींनो,

मागे ऐकू येतंय ना? येत नसेल तर हात वर करा. म्हणजे ऐकू येत नाही हे कळेल, पण त्यावर मला काही करता येणार नाही. स्पीकर आपल्या जत्रेतल्या गाडीवरचाच आहे.

पाहुण्यांसाठी ओळख सांगतो. मी श्रीराम देऊळगावकर, या उद्यानाचा व्यवस्थापक. पिंगळी फाट्यावर हे उद्यान उघडलं त्या दिवशी दोन माणसं कामावर रुजू झाली. मी शर्ट खोचून आलो होतो. मिस्त्री हातात पान्ह्यांची पिशवी घेऊन आले होते. शेठनी मला केबिन दाखवली आणि मिस्त्रींना आकाशपाळणा दाखवला. मी केबिनमध्ये जाऊन पंखा लावला. मिस्त्रींनी पाळण्याखाली बसून तासभर नुसतं वर बघितलं. मला वाटलं, माणूस आळशी दिसतोय. अंदाज किती चुकू शकतो, याचं हे पहिलं उदाहरण. दुसरं उदाहरण मोठं आहे, ते आज सांगायचं आहे.

खरं तर आजच्या भाषणात मिस्त्रींच्या गुणांचं वर्णन करावं, शाल-श्रीफळ द्यावं आणि खाली बसावं, एवढीच अपेक्षा असते. पण आज सकाळी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “श्रीरामराव, यंदा हिवाळ्यात उद्यान उघडं ठेवलं, ते मिस्त्रींच्या भरवशावर. मिस्त्री चालले. पुढच्या हिवाळ्यात जबाबदारी तुम्ही घेणार असाल तर उघडं ठेवू, नसता पहिल्यासारखं नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुलूप. भाषणं झाली की मी स्टेजवरून जाहीर करतो.” मी म्हटलं, शेठ, चार वाजता सांगतो. आता चार वाजून गेलेत. समोर बसलेल्या कमीत कमी बारा जणांचा पुढचा हिवाळा कुठे जाणार, हे माझ्या तोंडून काय निघतं त्यावर आहे. म्हणून आज जरा लांबेल. पाहुण्यांनी चहा मध्येच घेतला तरी चालेल.

मंडळी, हिवाळ्यात असं उद्यान उघडं ठेवावं का? आपल्या नावातच गारवा. त्यात परभणीची थंडी. डिसेंबरात कृषी विद्यापीठाचा तापमानाचा आकडा पेपरात आला की माणसं गोधडीतून बाहेर येत नाहीत, ती पाण्याच्या घसरगुंडीवर कशाला येतील? जे घराबाहेर पडतात ते शेतात हुरडा खायला जातात. हे झालं एका बाजूचं. दुसरी बाजू अशी की शाळांच्या सहली निघतात त्या कधी? डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ज्या चार महिन्यांत जिल्हाभरातली पोरं बसमध्ये बसून कुठेतरी जायला तयार असतात, त्याच चार महिन्यांत आपल्या फाटकाला साखळी. मी पहिल्या वर्षापासून म्हणत होतो, उघडा. पाणी बंद ठेवा, पण पाळणे, झुले, रेलगाडी चालू ठेवा. आणि मिस्त्री पहिल्या वर्षापासून म्हणत होते, न्हाई.

मिस्त्रींचं ‘न्हाई’ कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. त्यात आवाज चढत नाही, कारणंही फारशी नसतात. मिस्त्री मूळचे मानवतच्या जिनिंगमधले. तिथं कापसाचा हंगाम हिवाळ्यात, म्हणजे मशिनी हिवाळ्यात चालणार आणि उन्हाळ्यात खोलणार. इथं उलटं. मिस्त्री गमतीनं म्हणायचे, “साहेब, आयुष्यभर थंडीत मशीन चालवली, आता थंडीत उघडायलोय. देवानं हिशेब बरोबर केला.” पण गंमत संपली की पुन्हा तेच. चार महिने पाहिजेत. प्रत्येक बेअरिंग काढून बघायचं, प्रत्येक बोल्ट हातात घ्यायचा, त्याशिवाय उन्हाळ्यात एकही लेकरू वर चढवणार नाही.

जिनिंगमधून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली, ती मला आधी फार खटकायची. मोठ्या चाकाला आणि त्याच्या दांड्याला एकमेकांत अडकवणारा बोटाएवढा लोखंडी तुकडा असतो, त्याला मिस्त्री लोक चावी म्हणतात. ती काढली की मोटार नुसती गरगरते, चाक जागचं हलत नाही. जिनिंगची रीत अशी की ज्यानं मशीन दुरुस्तीला उघडलं, त्यानं ती चावी आपल्या खिशात ठेवायची आणि मशीन त्याच्याच हातानं बंद होईपर्यंत कुणालाही द्यायची नाही. मालक आला तरी नाही. कारण आत कुणाचा हात असेल आणि बाहेरून कुणी बटण दाबलं, तर? मिस्त्री हिवाळाभर पाळण्याची चावी खिशात घेऊन फिरायचे. जेवताना, बाजारात, देवळातसुद्धा. भिवराबाई वहिनी, मला वाटतं तुमच्या घरी ती धुण्यातसुद्धा आली असेल. वहिनी मान हलवतायत. दोनदा आली म्हणतायत.

मला वाटायचं, हा माणूस उद्यान स्वतःच्या खिशात घालून फिरतो.

आता त्या गोष्टीकडे येतो. आपल्याला वाटेल ही तर आम्हाला पाठ आहे. मुंजाजी सर तर दरवर्षी भेटले की मला तीच ऐकवतात. पण आपल्याला ती अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी फक्त दोघांना माहीत आहे. एक मी, आणि दुसरे आजचे सत्कारमूर्ती.

सहा वर्षांपूर्वीचा जानेवारी. उद्यान बंद. शेठ हैदराबादला लग्नाला गेलेले. मिस्त्री दोन दिवस मानवतला, लेथवर काही बोल्ट करून घ्यायला. आणि सकाळी मुंजाजी सरांचा फोन. सरांच्या शाळेची सहल उद्या निघायची होती, आणि जिथं जायचं तिथलं आयत्या वेळी फिसकटलं. शहाण्णव मुलं डबे बांधून तयार. सर म्हणाले, “श्रीरामराव, एक दिवस उघडता का? पोरांचं तोंड बघवत नाही.” मी किती वर्षं या फोनची वाट बघत होतो! म्हटलं, या सर, बिनधास्त या. एकदा ही सहल छान झाली की शेठना दाखवता येईल, मिस्त्रींना दाखवता येईल. माझं म्हणणं खरं होतं हे सगळ्यांना दिसेल. पोरांच्या आनंदाचा विचार मनात नव्हता असं नाही. पण पहिला विचार तो नव्हता, हे आज कबूल करतो.

लहान मुलांच्या गुडघाभर पाण्याच्या हौदात मुलांना सोडायचं ठरवलं. पण पाणी बर्फासारखं. मग कुणाच्यातरी डोक्यात आलं, कुणाच्या ते विचारू नका, माझ्याच, की शेजारच्या गुऱ्हाळावरून उसाचा रस आटवायची मोठी काहील आणावी, तिच्यात पाणी तापवावं आणि हौदात ओतावं. गुऱ्हाळवाल्यानं एक जुनी काहील काढून दिली. दोन वर्षं कोपऱ्यात पडून होती. कडेला काळाभोर थर. मी म्हटलं, गंज असेल, पाणी काय प्यायचंय का? पहाटेपासून काहिलीवर काहिली ओतल्या. दहा वाजता मुलं आली, हौदात उतरली, आणि पाचव्या मिनिटाला एक मुलगी ओरडली, “सर, पानी गोड हाय!”

हसा, हसा. त्या दिवशी आम्हीसुद्धा हसलो. तो गंज नव्हता, काकवी होती. शहाण्णव मुलं गुळाच्या पाण्यात न्हाऊन निघाली. हात चाटायला लागली. केसाला केस चिकटला. आणि ऊन वर आलं तसे मुंगळे निघाले. कुठून आले देव जाणे, पण फाटकापासून हौदापर्यंत काळी रांग. टॉवेलांत, चपलांत, डब्यांत मुंगळे. कपड्यांच्या खोलीवरच्या दैवशालाबाईंना मी त्या दिवसापुरतं बोलावून घेतलं होतं, त्यांनी एकटीनं शहाण्णव मुलांचे कपडे झटकले. एका वाजता सरांनी हात जोडले, म्हणाले, “श्रीरामराव, दुपारचा कार्यक्रम राहू द्या, पोरं घरी नेतो.” दोन्ही बस निघाल्या. मी फाटकात उभा राहून मुंगळ्यांना शिव्या घालत होतो.

इथपर्यंत आपल्याला माहीत आहे. आता दुपारचा कार्यक्रम काय होता, ते सांगतो.

दुपारी मुलांना आकाशपाळण्यात बसवायचं होतं.

पाळण्याखाली मिस्त्रींनी पाटी लावली होती, ‘काम चालू आहे, कुणीही हात लावू नये’. ती पाटी मी आदल्या संध्याकाळी काढून केबिनमध्ये ठेवली. सहलीला बरी दिसणार नाही म्हणून. मोटार लावली तर चाक फिरेना. लक्षात आलं, चावी मानवतला गेली आहे, मिस्त्रींच्या खिशात. माझा संताप झाला. मी मिस्त्रींना फोन केला नाही. का नाही केला? कारण ते काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं. मी फाट्यावरच्या वेल्डरला बोलावलं, माप दिलं आणि तासाभरात नवी चावी करून घेतली. पाळणा फिरला. रिकामा, चार चकरा. मी खालून बघितलं. झकास फिरत होता. खालून सगळंच झकास दिसतं.

शेठ, आपण असं बघू नका. पूर्ण ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला.

सहलीच्याच दिवशी चार वाजता मिस्त्री मानवतहून एसटीनं आले. बगलेत फडक्यात गुंडाळलेले नवे बोल्ट. पाळण्यापाशी थांबले. पाटी नव्हती. चाकाला नवी चकचकीत चावी. त्यांनी मला विचारलं, “कुनी फिरवला?”

“मी.”

“कोन बसलं होतं?”

“कुणी नाही. बसणार होते. सहल लवकर गेली.”

मिस्त्री तिथंच मातीत बसले. मला वाटलं, चक्कर आली. मी पाणी आणलं, ते घेतलं नाही. मग उठले, म्हणाले, “चला वर.” मी आयुष्यात त्या शिडीवर चढलो नव्हतो. त्यांनी मला सातव्या आणि आठव्या पाळण्यापाशी नेलं. मंडळी, त्या दोन पाळण्यांचे वरचे बोल्ट त्यांनी काढलेले होते. झिजले होते म्हणून. नवे करायलाच ते मानवतला गेले होते. तोवर पाळणा झुलू नये म्हणून प्रत्येकी चार पदरी तारेनं बांधून ठेवला होता. रिकामा पाळणा त्या तारेनं पेलला होता. एका पाळण्यात चार मुलं बसतात.

मी हात लावला तेव्हा एका तारेचे दोन पदर तुटलेले होते.

मुंजाजी सर, पाणी घ्या. कुणीतरी सरांना पाणी द्या. सर, मी तुमचा अपराधी आहे. सहा वर्षं तुम्ही मला भेटलात की “काय श्रीरामराव, मुंगळे बरे आहेत का?” म्हणून चिडवता, आणि सहा वर्षं मी तुमच्यासमोर खोटं हसलो. त्या दिवशीची ती मुलं, आता ती कॉलेजात असतील, त्यांचं नाव...

काय म्हणता सर? जरा माईकजवळ. सर म्हणतात, “दोन्ही बसमध्ये मी हजेरी घेतली होती. शहाण्णव होते. घरी गेले. पुढं बोला.”

सर, थँक्यू. पुढचं सांगतो.

शिडीवरून उतरल्यावर मी मिस्त्रींना म्हटलं, शेठना फोन करा, सांगून टाका. मला वाटलं तेच करतील. त्यांच्या जागी मी असतो तर केलाच असता. त्यांच्याविरुद्ध मी शेठना तक्रारीचे किती कागद लिहिले होते ते त्यांना माहीत होतं. मिस्त्रींनी खिशातून जुनी चावी काढली, माझी नवी चावी काढून घेतली आणि नाल्यात फेकली. म्हणाले, “साहेब, आज मुंगळ्यायनं वाचवलं. मुंगळे रोज येत नसतेत.” बस. त्या दिवसानंतर त्यांनी या विषयावर एक अक्षर काढलं नाही. मला टोमणा नाही, नजरेत काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं विचारलं, “चहा सांगू का साहेब?” शेठ, मला त्यांनी ओरडायला पाहिजे होतं. ओरडले असते तर मी वर्षभरात विसरलो असतो.

पण या गोष्टीचा खरा त्रास कुणाला झाला, ते ऐका. ना मला, ना मिस्त्रींना.

त्या जानेवारीपर्यंत मी दर बैठकीत ओरडायचो, हिवाळ्यात उघडा. त्यानंतर मी गप्प झालो. शेठनी दोन-तीनदा विचारलंसुद्धा, “श्रीरामराव, तुमचं हिवाळ्याचं खूळ गेलं का?” मी म्हणायचो, मिस्त्री म्हणतात ते बरोबर आहे. मिस्त्रींना वाटायचं, साहेबाला पटलं. पटलं नव्हतं, मी भ्यालो होतो. भीतीला मी शहाणपणाचं नाव दिलं आणि दर नोव्हेंबरात फाटकाला साखळी लागत राहिली.

साखळी लागली की माझा पगार चालू. मिस्त्रींचा चालू. बंद कुणाचा? कपड्यांच्या खोलीतल्या, तिकीट फाडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, झुले ढकलणाऱ्या बारा जणांचा. दैवशालाबाई समोर बसल्यात. पाच हिवाळे त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या. सोबत लेक. लेकीची शाळा दिवाळीनंतर सुटायची आणि मार्चात पुन्हा धरायची. दर वर्षी फाटकाला साखळी लावताना त्या मला नमस्कार करून जायच्या, “येते साहेब, सुट्टी झाली की.” त्याला त्या सुट्टी म्हणायच्या. मी मान हलवायचो. तोंड उघडलं असतं तर कदाचित काही मार्ग निघाला असता. पण तोंड उघडलं की पाळण्याचा विषय निघाला असता, म्हणून मी उघडलं नाही.

तोंड उघडलं ते दैवशालाबाईंनीच. गेल्या वर्षी ऑक्टोबरात. मला नाही, मिस्त्रींना. मी केबिनच्या खिडकीतून ऐकलं. त्या म्हणाल्या, “मिस्त्री, तुमचं मशीन चार महिने आराम करायलंय. मी चार महिने फडावर. पोरगी औंदा धाव्वीला हाय. मशीनला बोल्ट बसवता, पोरीचं काय बसवता?”

मिस्त्रींनी डोक्याची टोपी काढली, परत घातली. आणि दोन दिवस पाळण्याखाली बसून वर बघत राहिले. पहिल्या दिवशी बसले होते तसेच. पण या वेळी मी आळशी म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या केबिनमध्ये आले. मिस्त्री आपण होऊन केबिनमध्ये कधी येत नाहीत. म्हणाले, “साहेब, सगळं एकदम उघडलं तर चार महिने लागतेत. पर एकेक करून उघडलं तर?”

एवढंच. एवढ्या वर्षांत हे त्यांना सुचलं नव्हतं, कारण जिनिंगमध्ये हंगाम संपला की अख्खी गिरणीच उघडायची रीत. आणि मला सुचलं नव्हतं, कारण मी विचार करायचंच सोडून दिलं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या हिवाळाभर पूर्ण बंद, त्यांची दुरुस्ती निवांत. कोरड्यातला एकच खेळ एका वेळी दुरुस्तीला उघडायचा, बाकीचे चालू. जो उघडा असेल त्याच्याभोवती कुंपण आणि मोठी पाटी. आणि सोमवारी सगळंच बंद, त्या दिवशी मिस्त्री प्रत्येक बोल्टला हात लावणार. शेठनी मान्यता दिली. त्यांना वाटलं, माझं जुनं खूळ मिस्त्रींना लागलं.

आणि मिस्त्रींनी एक अट घातली. “चावी माझ्यापाशी ऱ्हाईल, आन् मी नसलो तं दैवशालापाशी.” शेठ हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? कपड्यांच्या खोलीतली बाई. मी विचारलं, तिच्याकडेच का? मिस्त्री म्हणाले, “तिला कुनाला खूश करायचं न्हाई.”

मला कोपरखळी होती का ती? मिस्त्री, होती का? मान हलवत नाहीत. होती.

त्या हिवाळ्यात मिस्त्रींनी बाईला एकेक गोष्ट दाखवली. कुठला बोल्ट हातानं हलला तर चालतं, कुठला अजिबात हलता कामा नये. तारेचा पदर कसा बघायचा. आवाज कसा ऐकायचा. डिसेंबरात एक दिवस माझी परीक्षा झाली. पाळणा दुरुस्तीला उघडलेला, मिस्त्री दवाखान्यात, आणि मानवतहून एक मोठी सहल आली, बरोबर वजनदार पाहुणे. त्यांनी मला बाजूला घेतलं, “पाळणा चालू करा, पोरं नाराज झालीत.” आणि मंडळी, सहा वर्षांत मी काय शिकलो म्हणाल तर काहीच नाही. माझे पाय आपोआप कपड्यांच्या खोलीकडे गेले. म्हटलं, दैवशालाबाई, चावी द्या, दोनच चकरा. त्या म्हणाल्या, “मिस्त्रीनं सांगितल्याबिगर देत न्हाई.” म्हटलं, मी व्यवस्थापक आहे. त्या म्हणाल्या, “मग तुमी मला कामावरून काढा. चावी तवा बी देनार न्हाई.”

मी परत आलो, पाहुण्यांना ‘जमणार नाही’ म्हणून सांगितलं. आणि केबिनमध्ये बसून मला जे वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. सुटलो, असं वाटलं. या उद्यानात माझ्या उतावीळपणाला नाही म्हणणारं कुणीतरी आहे, आणि ते माझ्यावर अवलंबून नाही. सहा वर्षांत त्या रात्री पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

आता हिवाळा संपला. सहली आल्या आणि गेल्या. एकाही पोराला साधं खरचटलं नाही, एका मुलाला पाळण्यात मळमळलं तेवढं सोडून, आणि त्यानं आधी दोन वाट्या हुरडा खाल्ला होता. बारापैकी एकही जण फडावर गेला नाही. दैवशालाबाईंच्या नवऱ्याला मिस्त्रींनीच मानवतच्या जिनिंगमध्ये चिकटवून दिलं. लेकीची दहावीची परीक्षा परवापासून. काल ती इथं येऊन अभ्यासाला बसली होती, रेलगाडीच्या डब्यात. तिथं शांत असतं म्हणे.

तर शेठ, सकाळच्या प्रश्नाचं उत्तर. हिवाळ्यात उघडावं का? उघडावं. जबाबदारी माझ्यावर द्यावी का? देऊ नये. माझ्यावर दिली होती त्याचं काय झालं ते आताच सगळ्यांनी ऐकलं. यंत्रांची जबाबदारी दैवशालाबाईंवर द्यावी, त्यांच्या हाताखाली एक शिकलेला फिटर द्यावा, आणि सोमवारचा बंद कितीही मोठी सहल आली तरी मोडू नये. मिस्त्रींना महिन्यातून एकदा येऊन वर बघत बसायला बोलवावं. त्यांना घरी तरी काय वर बघायला मिळणार? भिवराबाई वहिनी म्हणतात, पंखा. पंखासुद्धा ते खोलतील वहिनी, सांभाळा.

आणि माझं काय करायचं, ते आपण ठरवा.

काय म्हणता शेठ? माईक घ्या ना. शेठ म्हणतात, “त्याच वर्षी सांगितलं असतं तर तुम्हाला काढूनच टाकलं असतं.” बरोबर आहे शेठ. म्हणूनच सांगितलं नाही. “आणि आता?” आता आपण म्हणाल तसं. शेठ म्हणतात, “आता मला नका विचारू. हिवाळा दैवशालाबाईच्या ताब्यात दिला. तिला तुम्ही चालता का, तिला विचारा.”

दैवशालाबाई, चालतो का मी?

“चालतेत. फक्त चावी मागू नका.”

नाही मागणार. टाळ्या मला नकोत, बाईंना द्या. मिस्त्री, तुम्ही डोळे का पुसताय? साठीचा माणूस स्टेजवर रडला की फोटो बिघडतो. काय म्हणता? “बसा आता साहेब, लय झालं.” बसतो, बसतो. दोनच मिनिटं.

अध्यक्षांनी संपूर्ण भाषण उठून न जाता ऐकलं, त्यांचे आभार. मुंजाजी सरांनी त्या दिवशी हजेरी घेतली, मुलं वेळेत घरी नेली, आणि आज मला पुढं बोलू दिलं, त्यांचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. भिवराबाई वहिनींनी या माणसाला इतकी वर्षं आम्हाला उसना दिला, त्यांचेही आभार. जेवणाला पुरणपोळी आहे, कुणी उपाशी जाऊ नये. भाषणात कुणाचं नाव राहिलं असेल, कुठे जास्त बोललो असेन, कुणाचा मान राखायचा चुकलो असेन, तर आपण मोठ्या मनानं सोडून द्यावं. सगळ्यात मोठी चूक मिस्त्रींनी सहा वर्षं एकट्यानं सांभाळली, ती आज आपण सगळ्यांनी वाटून घेतली. त्यापुढं बाकीच्या किरकोळच म्हणायच्या.

आता एकच सांगायचं राहिलं. सहा वर्षांत मी या उद्यानातल्या पाळण्यात एकदाही बसलेलो नाही. शेठच्या नातवंडांनी ओढलं, मी म्हणायचो, मला चक्कर येते. मला चक्कर येत नाही. आज मी रांगेत उभा राहून तिकीट काढलंय, ते खिशात आहे. सभा संपली की मी सातव्या पाळण्यात बसणार आहे. मिस्त्री, शेजारी जागा आहे. दैवशालाबाई, आम्ही आलोच, तेवढा पाळणा चालू करा.